बालकांची चित्रपुस्तके आणि भूमितीचा पहिला पाठ

(अंगणवाडी पर्यवेक्षिका, प्राथमिक शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या संयुक्त मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात सकाळपासून पिण्याचे पाणी, पोषण आहार, शाळाखोल्यांची दुरुस्ती अशा मोठ्या प्रश्नांचा विचार झाला. त्यानंतर सोळा पानांच्या एका चित्रपुस्तकाविषयी आपला वेळ घ्यावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात मूल जे पुस्तक सर्वांत आधी हाताळते, त्यात आकार शिकविणारे पुस्तक बहुधा असतेच. वर्तुळ, त्रिकोण, चौरस, आयत. मुलाच्या आयुष्यातील भूमितीचा पहिला पाठ तो हाच. या पाठाची खरेदी आपण करतो. कधी शासकीय अनुदानातून, कधी ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या रकमेतून, तर कधी गावातील एखाद्या दात्याच्या देणगीतून. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया मानली आहेत. तेव्हा या पायात आपण कोणता दगड बसवीत आहोत, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

ही पुस्तके आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. कागद गुळगुळीत, रंग भडक, प्रत्येक पानावर एक आकार आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत त्याचे नाव. वर्तुळाच्या पानावर चेंडू, संत्रे आणि चंद्र. त्रिकोणाच्या पानावर डोंगर, झोपडीचे छप्पर आणि समोसा. चौरसाच्या पानावर फासा किंवा बर्फाचा खडा. आयताच्या पानावर वीट आणि आगपेटी. पुष्कळ पुस्तकांतून वर्तुळ लाल, त्रिकोण पिवळा आणि चौरस निळा, असा रंगही ठरून गेलेला असतो. काही पुस्तकांत आकारांना डोळे, हात व पाय फुटलेले असतात. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मुलांना गंमत वाटते आणि गंमत वाटली म्हणजे पान उघडले जाते. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती त्रिकोणाच्या पानापासून सुरू होते.

त्या पानावरील त्रिकोण नीट पाहा. तिन्ही बाजू सारख्या, पाया आडवा, टोक बरोबर वर. पुस्तक कोणतेही घ्या, त्रिकोण हाच. काटकोन असलेला त्रिकोण नाही, लांबट व निमुळता नाही, टोक खाली असलेला तर नाहीच नाही. मूल काय शिकते? तीन सरळ बाजूंनी बंद झालेली आकृती म्हणजे त्रिकोण, हे ते शिकत नाही. पिवळ्या रंगाची, टोक वर असलेली ती विशिष्ट आकृती म्हणजे त्रिकोण, एवढेच त्याच्या मनावर ठसते. त्याला माणूस दाखवावयाचा म्हणून एकाच माणसाचे छायाचित्र वर्षभर दाखविले, तर जे होईल तेच हे.

ही केवळ शंका नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तीन ते सहा वर्षांच्या ९७ मुलांना अनेक आकृत्या दाखवून त्यांतील वर्तुळे, चौरस, त्रिकोण आणि आयत निवडावयास सांगितले होते. वर्तुळे जवळजवळ सर्वांनी बरोबर ओळखली, चौरसही बऱ्यापैकी ओळखले. त्रिकोणाच्या बाबतीत मात्र बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ६० च्या आसपास राहिले आणि आयताच्या बाबतीत ते निम्म्याहून थोडेसेच अधिक होते. वर्तुळ कसेही फिरविले तरी ते तसेच दिसते. म्हणून तेथे चूक होत नाही. ज्या आकारांना अनेक रूपे असतात, तेथेच मूल अडखळते. पुढे २०१६ व २०१७ मध्ये तिकडच्या संशोधकांनी मुलांची खेळणी व आकारांची पुस्तके तपासली, तेव्हा आकारांची ठरावीक रूपेच वारंवार दाखविली जातात आणि कित्येक पुस्तकांत तर चुकीची माहिती असते, असे आढळून आले. ती पुस्तके इंग्रजी होती, परंतु आपल्या बाजारातील अनेक पुस्तके त्याच साच्यातून निघालेली असल्यामुळे हा दोष समुद्रापलीकडेच राहिला असेल, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या गावाकडेच पाहा ना! कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या दवाखान्यांच्या भिंतींवर कित्येक वर्षे रंगविलेला होता. तो टोक खाली असलेला होता आणि त्याला कोणी ‘लाल त्रिकोण नव्हे’ असे म्हटले नाही. रस्त्यावरील सावधगिरीचा फलक टोक वर असलेला त्रिकोण असतो, तर ‘रस्ता द्या’ हे सांगणारा फलक टोक खाली असलेला. म्हणजे सरकारी रंगाऱ्याला जे ठाऊक आहे, ते आपल्या पुस्तकाला ठाऊक नाही!

येथे कोणी असे विचारील की, लहान मुलाला एवढे बारकावे कशाला हवेत? मोठेपणी ते आपोआप समजेल. या प्रश्नाचे उत्तर हॉलंडमधील एका शिक्षक दांपत्याने दिले आहे. पिअरे व्हान हीले आणि त्यांच्या पत्नी डीना व्हान हीले-गेल्डोफ यांनी १९५७ मध्ये उट्रेक्ट विद्यापीठास आपले प्रबंध सादर केले. माध्यमिक शाळेतील मुलांना भूमिती का समजत नाही, हा त्यांचा रोजच्या वर्गातील प्रश्न होता. त्यांना असे दिसून आले की, भूमितीची समज पायऱ्यापायऱ्यांनी येते. पहिल्या पायरीवर मूल आकार नुसत्या रूपावरून ओळखते. ‘हे दारासारखे दिसते, म्हणून आयत’. दुसऱ्या पायरीवर ते बाजू, कोपरे आणि कोन यांकडे पाहू लागते. त्यापुढे आकारांचे परस्परांशी नाते त्याच्या ध्यानात येते. महत्त्वाची गोष्ट ही की, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर मूल केवळ वय वाढल्याने जात नाही. त्याला मिळालेल्या अनुभवाने व शिकवणुकीने जाते. पहिल्या पायरीवर जर एकच रूप पाहावयास मिळाले, तर आठवीत गुरुजी फळ्यावर ‘प्रत्येक चौरस हा आयत असतो’ असे लिहितात तेव्हा मुलगा ते वाक्य पाठ करतो, पण मनातून मानत नाही. चौरसाचे पान निराळे आणि आयताचे पान निराळे, हे त्याने दहा वर्षांपूर्वी पाहिलेले असते.

चौरसाची आणखी एक कथा आहे. चौरस सरळ ठेवला म्हणजे मुले त्याला चौरस म्हणतात. तोच कोपऱ्यावर उभा केला की पत्त्यांतील ‘चौकट’ किंवा संक्रांतीचा पतंग म्हणू लागतात. कागद तोच, बाजू त्याच, कोपरे तेच. केवळ फिरविल्याने नाव बदलले. ज्या मुलाच्या घरात पतंगाचा चौरस कागद आणला जातो आणि काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावली जाते, त्याला हे एका क्षणात पटविता येते. पण पुस्तकात तसे एकही चित्र नसते.

आता शब्दांविषयी थोडे बोलतो. कारण मराठीत हे काम जितके सोपे आहे, तितके ते इंग्रजीत नाही आणि आपण मात्र ही सोय हातची घालवितो. ‘त्रिकोण’ या शब्दातच तीन कोन आहेत आणि ‘चौकोन’ या शब्दात चार. मुलाने कोपरे मोजले की नाव आपोआप हाती येते. परंतु पुष्कळ पुस्तकांत चौरसाच्या चित्राखाली ‘चौकोन’ असे छापलेले असते. चौरस हा चौकोन आहे, हे खरे. पण आयत, पतंग, वाकडातिकडा शेताचा तुकडा हेही चौकोनच. चौरसालाच चौकोन म्हणण्याची सवय लागली की बांधाच्या कडेचा चार कोपऱ्यांचा तिरपा तुकडा चौकोन नाही, असे मूल ठरवून मोकळे होते. ‘गोल’ या शब्दाचेही असेच. घरात आपण भाकरीलाही गोल म्हणतो आणि चेंडूलाही. बोलताना ते विशेषण आहे आणि त्यात काही वावगे नाही. पण पुस्तकात नाव छापताना सपाट आकृतीला ‘वर्तुळ’ म्हणावे आणि चेंडूसारख्या भरीव वस्तूला ‘गोल’ म्हणावे. वरच्या इयत्तांच्या गणितातही त्याचे नाव ‘गोल’ असेच आहे.

यावरून दुसरा दोष ध्यानात येईल. चेंडू हे वर्तुळ नव्हे, फासा हा चौरस नव्हे आणि वीट हा आयत नव्हे. विटेची प्रत्येक बाजू आयत आहे, वीट स्वतः निराळीच वस्तू आहे. गणितात तिला इष्टिकाचिती म्हणतात. हे नाव विद्यार्थ्यांना फार जड वाटते खरे, परंतु त्यातील ‘इष्टिका’ म्हणजे आपली वीटच होय. पुस्तकाच्या पानावर चेंडूची केवळ कड उमटते. ती कड वर्तुळ असते. हा फरक तीन वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगण्याची गरज नाही. पण मग वर्तुळासाठी चेंडू, संत्रे न दाखविता बांगडी, ताटाची कड किंवा चाळणीचा काठ का दाखवू नये? अंड्याच्या चित्राखाली ‘लंबवर्तुळ’ छापतात तेही तसेच. अंड्याचे एक टोक निमुळते असते आणि दुसरे रुंद, हे घरात कोंबड्या असणाऱ्या मुलाला चित्रकारापेक्षा अधिक चांगले माहीत असते.

लहान मुलांच्या शिक्षणाचा ज्यांनी पाया घातला, त्यांनी या गोष्टीचा विचार फार पूर्वी केला होता. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढली आणि पुढे तिलाच बालोद्यान हे नाव दिले. त्यांच्या साधनांना ते ‘देणग्या’ म्हणत. पहिल्या देणगीत लोकरीचे मऊ चेंडू, दुसऱ्या देणगीत लाकडाचा गोल, घन आणि वृत्तचिती. घन दोरीला टांगून गरगर फिरविला की तो वृत्तचितीसारखा दिसतो, हे मुले डोळ्यांनी पाहत. त्यानंतर सपाट तुकडे, त्यानंतर काड्या आणि शेवटी बिया व खडे, असा त्यांचा क्रम होता. भरीव वस्तूकडून पृष्ठाकडे, पृष्ठाकडून रेषेकडे आणि रेषेकडून बिंदूकडे. आपले चित्रपुस्तक मुलाला एकदम मधल्या पायरीवर उभे करते. मादाम मॉन्टेसोरी यांच्या साधनांत लाकडी चौकटीत बसणारे आकार असतात आणि त्यांतील एका कप्प्यात निरनिराळ्या जातींचे त्रिकोण ठेवलेले असतात. मूल त्यांच्या कडेवरून बोट फिरविते आणि मग तो आकार त्याच्या जागी बसविते. एकच त्रिकोण दाखवावा, असे त्यांच्याही मनात आले नाही.

ही साधने महाग होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करून हे शिक्षण आपल्याकडे रुजविले. परंतु ते खेड्यातील गरीब मुलापर्यंत कसे न्यावयाचे, हा प्रश्न उरलाच होता. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. लाकडी साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पाने, दगडगोटे आले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा विचारही तेथलाच. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांद्वारे एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

कोसबाडचा उल्लेख मी आणखी एका कारणासाठी केला. आज पालघर जिल्ह्यात असलेला हा परिसर वारल्यांचा. वारली घरातील भिंतीवर लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकाभोवती माणसे, झाडे, प्राणी असतात. वारली चित्रातील माणसाचे धड कसे असते? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले. खालचा त्रिकोण टोक वर असलेला आणि वरचा टोक खाली असलेला. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकापासून ही चित्रे कागदावर आणली, जगभर पोहोचविली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीचा मान मिळाला. ज्या मुलाच्या घरच्या भिंतीवर उलटे-सुलटे त्रिकोण फेर धरून नाचत आहेत, त्याच मुलाच्या हाती शाळा असे पुस्तक देते की त्यात त्रिकोणाला खाली टोक करण्याची मुभा नाही! आज राज्यातील कितीतरी शाळांच्या भिंतींवर शोभेसाठी वारली चित्रे काढलेली दिसतात. त्यांकडे बोट दाखवून ‘यात त्रिकोण किती?’ असे विचारणारे शिक्षक मला मात्र फार थोडे भेटले.

चांगले पुस्तक कसे असते, याची दोन उदाहरणे सांगतो. अमेरिकेतील छायाचित्रकार टाना होबान यांचे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेले आकारांचे एक पुस्तक आहे. त्यात गोष्ट नाही, आकारांची नावे पानोपानी छापलेली नाहीत; शहरातील नेहमीच्या वस्तूंची नुसती छायाचित्रे आहेत. एकाच छायाचित्रात अनेक आकार दडलेले असतात आणि ते मुलाने शोधावयाचे असतात. दुसरे पुस्तक ख्रिस्तोफर डॅनियलसन यांचे, २०१६ मधील. त्याच्या प्रत्येक पानावर चार आकृत्या आहेत आणि प्रश्न एकच, यांतील न जुळणारी कोणती? विशेष हे की, चारांपैकी कोणतीही आकृती निवडली तरी तिचे समर्थन करता येते. एक मूल म्हणते, ‘ही, कारण हिला कोपरे नाहीत’. दुसरे म्हणते, ‘ही, कारण हीच तेवढी रंगविलेली नाही’. उत्तरापेक्षा कारणाला किंमत दिलेली आहे. कारण सांगावयाचे म्हटले की मुलाला बाजू आणि कोपरे पाहावेच लागतात. व्हान हीले दांपत्याने सांगितलेली दुसरी पायरी ती हीच.

अशी पुस्तके मराठीत तयार करावयास परदेशी कागद लागत नाही. आज बहुतेक शिक्षकांच्या हाती छायाचित्रे काढणारा फोन आहे. गावातील जात्याचा वरचा दगड, बैलगाडीचे चाक, देवळाच्या फरशीतील नक्षी, गोधडीतील त्रिकोणी ठिगळे, ताटातील शंकरपाळे, ठिपक्यांची रांगोळी, छपराच्या लाकडी कैच्या यांची वीस छायाचित्रे घ्या, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि दोऱ्याने शिवा. मुलाला त्यात आपले गाव दिसेल. रंग मात्र आकाराशी बांधून ठेवू नका. एखादा त्रिकोण लालही असू द्या आणि एखादे वर्तुळ हिरवेही. प्रत्येक आकाराची निदान चार रूपे द्या आणि त्यांच्या शेजारी एखादी फसवी आकृतीही द्या. बाजू वाकलेली किंवा एक कोपरा उघडा राहिलेली. कलिंगडाची फोड त्रिकोण आहे काय? एका बाजूला ती वाकलेली आहे, तेव्हा नाही. हा ‘नाही’ मुलाने स्वतः म्हटला पाहिजे.

विकत घेण्याच्या पुस्तकांचा प्रश्न उरतो. खरेदी समितीपुढे नमुने येतात तेव्हा आपण कागद, बांधणी आणि किंमत पाहतो. ते योग्यच आहे. त्याबरोबर त्रिकोणाचे पान उघडून पाहा. त्या पानावर एकच त्रिकोण असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवा. चौरसाच्या चित्राखाली ‘चौकोन’ किंवा वर्तुळाखाली चेंडू असेल, तर विक्रेत्याला तसे लेखी कळवा. सरकारी खरेदीदार परत पाठवितो म्हटल्यावर प्रकाशकही पुढच्या आवृत्तीत लक्ष घालतात. एवढी तपासणी करण्यास गणिताची पदवी लागत नाही आणि पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळही लागत नाही.

जी पुस्तके घेऊन झाली आहेत, ती फेकून देण्याचे कारण नाही. सेविकाताई पुस्तक उभे धरून मुलांना समोर बसवितात. त्याऐवजी ते सतरंजीवर मधोमध ठेवावे आणि मुलांनी त्याच्याभोवती गोल करून बसावे. आता पुस्तकातील तोच एकुलता त्रिकोण एका मुलाला सुलटा दिसेल, समोरच्याला उलटा आणि बाजूच्याला आडवा. ‘तुला टोक कोठे दिसते?’ असे प्रत्येकाला विचारा. मग मुलांना जागा बदलावयास सांगा. यासाठी कोणतेही अनुदान लागत नाही. त्यानंतर दोन्ही टोके बांधलेली एक लांब दोरी घ्या आणि तीन मुलांना ती ताणून धरावयास सांगा. त्रिकोण तयार झाला. एक मूल दोन पावले सरकले की त्रिकोण बदलतो, लांबट होतो, तिरपा होतो, पण त्रिकोणच राहतो. चौथे मूल दोरीत शिरले की चौकोन. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्याचे शास्त्र ज्या ग्रंथांत आहे, त्यांचे नाव शुल्बसूत्रे. आणि शुल्ब म्हणजे दोरीच. गावचा गवंडी आजही दोरी, खुंटी आणि गुण्या घेऊनच पाया आखतो. त्याला एखाद्या सकाळी अंगणवाडीत बोलावून खुंटीला बांधलेल्या दोरीने जमिनीवर वर्तुळ काढावयास सांगितले, तर मुले ते विसरणार नाहीत.

ग्रामपंचायतीच्या सभासदांना आणखी एक विनंती. अंगणवाडीच्या व शाळेच्या भिंती रंगविण्याचा ठराव आपण दरवर्षी करतो. रंगारी बहुधा कोठल्या तरी पुस्तकातून आकार उतरवून घेतो आणि दाराच्या वर, मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ते रंगवितो. यंदा त्याला काम देताना तेवढ्याच पैशांत पाच-सहा तऱ्हांचे त्रिकोण, कोपऱ्यावर उभा केलेला एखादा चौरस आणि आडवे, उभे, तिरपे आयत काढावयास सांगा. आणि ते जमिनीपासून दोन-अडीच फुटांच्या आत असू द्या, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला त्यांच्या कडेवरून बोट फिरविता येईल.